पापाचे वाटेकरी

तंजावरहून कुंभकोणमास जाणाऱ्या वाटेवर, कावेरीच्या पाण्याने भिजलेल्या भातशेतीच्या मुलुखात, पापनाशम हे गाव लागते. गावाच्या नावाचा अर्थ मराठी माणसास निराळा विचारावा लागत नाही. येथे रामलिंगस्वामींचे देवालय असून त्यात १०८ शिवलिंगे आहेत. स्थळपुराण असे सांगते की, लंकेहून परतताना श्रीरामाने रावणवधाचा दोष रामेश्वरी शिवपूजा करून फेडला. तरीही कोणता तरी दोष आपल्या मागोमाग येत आहे असे त्यास जाणवू लागले. तो दोष होता खर आणि दूषण यांच्या वधाचा. त्याच्या निवारणासाठी या ठिकाणी लिंगे स्थापिली गेली, आणि हनुमंतास एक लिंग आणण्याकरिता काशीस धाडण्यात आले. हनुमंताचे म्हणून जे लिंग दाखवितात ते आजही निराळे आहे.

या कथेच्या खरेखोटेपणाची चिकित्सा करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु ज्या कोणी ती प्रथम सांगितली त्याची नैतिक दृष्टी मोठी सूक्ष्म असली पाहिजे, यात संशय नाही. रावण हा मोठा शत्रू. त्याच्या वधाचा गाजावाजा मोठा, म्हणून त्याचे प्रायश्चित्तही मोठ्या क्षेत्री झाले. खर-दूषण हे त्या मानाने लहान. लंकाविजयाच्या जयघोषात त्यांची आठवण कोणास राहणार? तथापि कथाकार म्हणतो की, मोठ्या पापाची फेड झाल्याने लहान पाप आपोआप फिटत नाही. ते मागून चालत येते आणि वाटेत गाठते. आम्हां मराठी माणसांना यात आणखी एक जवळीक वाटावी. खर-दूषणांचा वध जनस्थानात झाला, आणि जनस्थान म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे नाशिक-पंचवटीचा परिसर. गोदेच्या तीरी जे ऋण झाले ते कावेरीच्या मुलुखात फेडावे लागले, असाच याचा अर्थ होतो.

विजयाच्या आनंदामागे राहिलेली, कोणाच्याच हिशेबात न धरलेली जी लहान मरणे असतात, ती कोणाच्या खाती मांडावयाची? पापनाशमच्या कथेतून निघणारा हा प्रश्न पुराणापुरता नाही. आपल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत बोलक्या आनंदास, म्हणजे शोभेच्या दारूस, तो विचारून पाहण्याचा येथे विचार आहे.

शोभेची दारू आपल्याकडे फार प्राचीन आहे असा एक लोकभ्रम आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली या विषयावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी इ. स. १४०० पासून १९०० पर्यंतचे पुरावे क्रमाने मांडले. चीनमध्ये जन्मलेली ही विद्या हिंदुस्थानात आली ती सुमारे पंधराव्या शतकाच्या आगेमागे, असे त्यावरून दिसते. १४४३ साली विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक महानवमीच्या उत्सवातील आतषबाजीचा उल्लेख करतो. ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात कल्पवृक्ष-बाण, चामर-बाण, चंद्रज्योती, पुष्पवर्ती अशी दारूकामाची नावे येतात व ती सिद्ध करण्याच्या कृतीही येतात. सोरा, गंधक, कोळसा, पोलादाचा कीस, वेळूच्या नळ्या हे साहित्य त्यात सांगितले आहे. आमच्या नाथमहाराजांनी १५७१ साली पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’तही लग्नसमारंभाच्या वर्णनात दारूकाम आले आहे. द्वापरयुगातील विवाहात सोळाव्या शतकातील बाण उडतात, यात कवीचा प्रमाद मुळीच नाही. लग्न म्हटले की दारू उडावयाचीच, इतकी ती गोष्ट नाथांच्या काळी रूढ झाली होती, एवढाच त्याचा अर्थ.

पेशव्यांच्या बखरीतील एक प्रसंग तर आपल्या विषयाशी अगदी जुळता आहे. महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले आणि १७९४ साली वारले; तेव्हा ही हकीकत त्या दरम्यानची धरावी लागते. महादजींनी सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविले. कोट्याचा राजा नगराबाहेर दारूची लंका उभारवितो. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि सर्व आकृती दारूच्या. हनुमंताच्या शेपटीस बत्ती दिली की तो आकाशमार्गे उड्डाण करीत घरे पेटवीत जातो. तरुण पेशव्यांस ते पाहण्याची इच्छा झाली. मग महादजींनी कारागीर लावून पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका सिद्ध करविली, आणि काळोख्या रात्री पेशव्यांनी टेकडीवरून ती जळताना पाहिली.

या हकिकतीत पाहणाऱ्याचे नाव आहे, करविणाऱ्याचे नाव आहे, जेथून कल्पना आली त्या राज्याचे नाव आहे. लंका ज्यांनी केली त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. त्या हनुमंताच्या शेपटीत दारू ठासणारा माणूस कोण होता? ठासताना त्याचा हात दुखावला काय? बखरकारास हे विचारावेसे वाटले नाही. आणि आपण त्यास दोष देऊ नये, कारण पाच शतकांच्या साऱ्या साधनांत हीच तऱ्हा आहे. राजे आहेत, वऱ्हाडी आहेत, परदेशी प्रवासी आहेत, कृती आहेत. कारागीर मात्र धुराप्रमाणे विरून गेला आहे. आतषबाजीचा इतिहास हा आजवर पाहणाऱ्यांचा इतिहास आहे, करणाऱ्यांचा नव्हे.

करणाऱ्यांचा इतिहास काहीसा स्पष्ट दिसू लागतो तो विसाव्या शतकात, आणि तोही पापनाशमपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेस असलेल्या शिवकाशीत. दोन्ही गावे आज तामिळनाडूतच; पण भूमी किती निराळी! पापनाशमकडे जिकडे पाहावे तिकडे पाणी आणि भात. शिवकाशीकडे काळी कोरडी रानभूमी, अल्प पाऊस, बेभरवशाची पिके. जेथे शेती माणसास पोसत नाही तेथे माणूस दुसरे काही शोधतो. १९२२-२३ च्या सुमारास शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे आप्त कलकत्त्यास गेले, काही महिने राहून काड्यापेट्या करण्याची विद्या शिकले आणि गावी परतून त्यांनी तो धंदा सुरू केला. काड्यापेटीतून रंगीत उजेडाच्या काड्या आल्या, त्यांतून फुलबाज्या, आणि पुढे फटाके. १९४० साली स्फोटक पदार्थांविषयीचे नवे नियम होऊन परवान्याची पद्धत बसली. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशचा माल येण्याचे थांबले. आणि शिवकाशीच्या कारखान्यांस भरभराटीचे दिवस आले. कोरडी हवा हा शेतीला शाप होता, पण दारू वाळविण्यास तोच वर ठरला. पुढे देशात होणाऱ्या एकंदर शोभेच्या दारूपैकी फार मोठा वाटा, सामान्यतः ९० टक्के म्हणून सांगितला जाणारा, या एका टापूतून येऊ लागला. छपाईचा धंदाही त्याच्याच मागून वाढला, आणि देवादिकांची चित्रे असलेली दिनदर्शिका घरोघरी गेली. महाराष्ट्रातही धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव याच व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. तेथीलही जमीन अवर्षणाचीच. अर्थात शोभेची दारू जेथे होते तो मुलूख बहुधा शोभेचा नसतो.

ही एका अर्थी मोठ्या पराक्रमाची गोष्ट आहे. भांडवल नाही, पाणी नाही, सरकारचा विशेष आधार नाही, आणि तरीही एका कसब्याने अर्ध्या शतकात साऱ्या देशाची दिवाळी आपल्या हाती घेतली. हे कर्तृत्व नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. पण या वहीची डावी बाजूही वाचावयास हवी.

दारूकामाचे स्वरूपच असे की, त्यात चुकीस दुरुस्ती नाही. सोरा, गंधक, कोळसा किंवा अल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण करणारा माणूस घर्षणाला, उन्हाला आणि ठिणगीला एकाच वेळी भीत असतो. म्हणूनच खोल्या लहान बांधाव्यात, त्या परस्परांपासून दूर असाव्यात, एका खोलीत चारांहून अधिक माणसे नसावीत, तयार मिश्रण फार साठवू नये, असे नियम झाले. १९९२ साली गंधकासह पोटॅशियम क्लोरेट वापरण्यास बंदी झाली, कारण ते मिश्रण थोड्याशा घासण्यानेही पेट घेते. नियम सगळे शहाणपणाचे आहेत. परंतु मजुरी नगावर, मागणी एका सणाची, आणि सण जवळ येत चाललेला, असा तिन्ही बाजूंनी रेटा आला की चारांच्या खोलीत आठ माणसे बसतात, सकाळचे मिश्रण दुपारच्या उन्हापर्यंत उरते, आणि परवाना एकाचा तर कारखाना प्रत्यक्षात दुसराच चालवितो. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळ मुदलिपट्टी येथे झालेल्या स्फोटात चाळीसच्या आसपास माणसे मेली. मरणाऱ्यांत मदतीस धावून गेलेले गावकरीही होते. दिवाळी तेव्हा दोन महिन्यांवर आली होती. असा मोठा अनर्थ वृत्तपत्रांत येतो. एका खोलीतील दोघे-तिघे जळाले तर ती बातमी त्या जिल्ह्याबाहेर क्वचितच जाते. हेच ते खर-दूषण.

लहान मुलांचा प्रश्न तर याहून जुना. काड्यापेट्यांच्या आणि फटाक्यांच्या कामात कोवळ्या बोटांचा उपयोग फार, हे धंद्याने लवकर ओळखले. महेशचंद्र मेहता यांनी दाखल केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. त्यात धोक्याच्या उद्योगात लावलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये भरावेत, मुलास शाळेत घालावे आणि घरातील प्रौढास काम मिळावे, अशी व्यवस्था सांगितली. त्यानंतर कारखान्यांतील मुलांची संख्या पुष्कळच घटली, हे मान्य केले पाहिजे. पण मुलांच्या जागी ज्या आल्या त्या बहुतांशी त्यांच्याच आया आणि बहिणी होत्या. कागदाच्या नळ्या वळणे, वाती कापणे, माळा ओवणे ही कामे त्या करतात. आणि अल्युमिनियमच्या भुकटीने त्यांचे हात कोपरापर्यंत रुपेरी होतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिवाळीच्या पहाटे जो गृहस्थ आपल्या मुलाच्या हातात फुलबाजी देतो, त्याचा या रुपेरी हातांशी नेमका संबंध कोणता?

पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. मी किंमत मोजली, दुकानदाराने माल दिला, कारखानदाराने मजुरी दिली. प्रत्येकाचे देणे चुकले आहे. स्फोट झाला तर तो कारखानदाराचा हलगर्जीपणा अथवा सरकारी तपासनिसाची डोळेझाक. माझा त्यात काय दोष?

हे उत्तर आपल्या परंपरेस नवे नाही. वाल्या कोळ्याच्या गोष्टीत ते फार पूर्वी येऊन गेले आहे. नारदाने विचारले, तुझ्या पापात तुझी माणसे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला, बायकामुलांस विचारले, आणि सर्वांनी सांगितले की, तू आम्हांस पोसावेस हा तुझा धर्म. ते कसे करावेस ते तुझे तू पाहा, पाप तुझे तूच भोग. वाल्याचे डोळे उघडले आणि तो वाल्मीकी झाला. ही गोष्ट आपण लहानपणापासून वाल्याच्या उद्धाराची म्हणून ऐकतो. पण तिच्यातील दुसऱ्या पक्षाचे काय झाले? रोज लुटीच्या धान्यावर जेवणारी, पण लुटीची जबाबदारी नाकारणारी ती बायकामुले खरोखरच निर्दोष होती काय? गोष्ट त्याविषयी मौन धरते. वाल्यास तप मिळाले, त्याच्या कुटुंबास काहीच मिळाले नाही. ना शिक्षा, ना शहाणपण. बाजारात उभे राहून ‘मी किंमत मोजली’ म्हणणारे आपण त्याच कुटुंबातले आहोत.

मनुस्मृतीत मांसभक्षणाच्या प्रकरणी याच्या अगदी उलट न्याय सांगितला आहे. तेथे संमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, हे सर्वच घातक मानले आहेत. कृत्याची साखळी जेथे तुटलेली दिसते तेथेही स्मृतिकार ती जोडून दाखवितो. मात्र हा न्याय अक्षरशः लावू गेल्यास पंचाईत होते. खाणीतील कोळसा, समुद्रातील मासळी, उंच इमारतीचा गिलावा, विहिरीचे पाणी, यांपैकी कशामागे मरण नाही? खुद्द पापनाशमच्या भाताच्या लोंबीमागे चिखलात सर्पदंशाने गेलेले शेतमजूर असतीलच. गीतेच्या अठराव्या अध्यायात, अग्नीभोवती धूर असावा तसा प्रत्येक कर्माभोवती दोष असतोच, असा दृष्टान्त आला आहे. आगीच्या धंद्याविषयी बोलताना तर तो शब्दशः खरा आहे. तेव्हा सर्वच जर पापी, तर पाप या शब्दास अर्थ काय उरला?

दुसरे उत्तर त्यागाचे आहे. भात हवाच, फटाका नसला तरी चालतो. गरजेसाठी पत्करलेला धोका आणि गमतीसाठी दुसऱ्यावर लादलेला धोका यांत भेद आहे; म्हणून दारू उडविणेच सोडून द्यावे. या उत्तरात मोठे बळ आहे, आणि ते आचरणारी माणसे याच प्रांतात आहेत. शिवगंगा जिल्ह्यातील वेट्टंगुडीच्या पक्षी अभयारण्यालगतची कोल्लुकुडिपट्टीसारखी गावे अनेक वर्षे दिवाळीत फटाके उडवीत नाहीत. का, तर झाडांवर उतरलेल्या पाहुण्या पाखरांस त्रास होऊ नये म्हणून. कोणी कायदा केला नव्हता, कोणी उपदेशही केला नव्हता. आवाज न करण्याचा उत्सव त्यांनी आपण होऊन स्वीकारला. १० एप्रिल २०१६ रोजी केरळात परवूरच्या पुट्टिंगल देवीच्या उत्सवात आतषबाजीच्या चढाओढीने शंभरावर भाविकांचा बळी घेतला. त्याच्या शेजारी या गावांचे मौन ठेवून पाहिले म्हणजे देवभक्ती कोणती आणि हौस कोणती हे निराळे सांगावे लागत नाही.

पण त्यागाचे उत्तर पक्ष्यांस जेवढे पुरते तेवढे माणसांस पुरत नाही. फटाके थांबले तर पाखरू सुखी होते. शिवकाशीची बाई सुखी होत नाही, तिची चूल विझते. मी माळ लावली नाही, माझा हात स्वच्छ राहिला. तिचा हात रिकामा झाला. ज्या निर्मळपणाची किंमत दुसऱ्याने भरावयाची, तो निर्मळपणा कितपत खरा? वाल्याच्या बायकोने, तुझ्या पापाचे अन्न मला नको, असे म्हणून माहेरचा रस्ता धरला असता, तर तीही वाल्याच्या पापातून सुटली असती. वाल्या सुटला नसता. त्याग करणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे की, आपण सोडले त्यामुळे ज्याची रोजी गेली त्याचे देणे त्यागाने फिटत नाही. उलट ते तेव्हा सुरू होते.

तिसरे उत्तर कायद्याचे. १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यापासून आजवर पुष्कळ कायदे झाले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाच्या फटाक्यांस मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीस रात्री आठ ते दहा या दोन तासांची मर्यादा घातली, बेरियमचे क्षार वर्ज्य केले आणि कमी धुराच्या, ज्यांस ‘हरित’ म्हणतात त्या, फटाक्यांसच मुभा दिली. ते फटाके सिद्ध करण्यात आमच्या नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. हे सारे इष्टच झाले. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अलीकडे या विषयावर जेवढा विचार झाला तो मुख्यतः पाहणाऱ्याच्या कानांचा आणि फुप्फुसांचा. नगरांत धूर दाटला तेव्हा सारा देश बोलू लागला; मुदलिपट्टीचा धूर मुदलिपट्टीतच राहिला. येथेही, बखरीप्रमाणेच, पाहणारा पुढे आणि करणारा मागे. शिवाय कायदा दंडाची वाटणी करतो, पापाची करीत नाही. ज्यास दंड झाला नाही तो निर्दोष, असे न्यायालयास म्हणावे लागते. पण आपल्या मनास तसे म्हणण्याची सक्ती नाही.

मग आपला वाटा नेमका कोठे आहे? आमच्या मते तो स्फोटात नाही, तसाच आनंदातही नाही. तो स्वस्ताईत आहे. एका खोलीत चारांऐवजी आठ माणसे बसतात ती कारखानदाराच्या दुष्टपणाने क्वचित, आणि भावाच्या चढाओढीने बहुधा. अंतर राखून बांधलेल्या खोल्या, उन्हाच्या वेळी बंद ठेवलेले काम, विम्याचा हप्ता, नगावर नव्हे तर दिवसावर दिलेली मजुरी, या प्रत्येक गोष्टीस पैसा लागतो, आणि तो पैसा शेवटी माळेच्या किमतीत यावयास हवा. तो आला की आपण दुसऱ्या दुकानात जातो. आनंद अधिकाधिक मोठा आणि त्याची किंमत अधिकाधिक लहान असावी, हा जो आपला हट्ट, तोच दूरवर जाऊन सातवा आणि आठवा माणूस त्या खोलीत बसवितो. आपण बत्ती लावतो ती अंगणात. पण घासाघीस करतो तेव्हा आपला हात कोठवर पोहोचतो हे आपणांस दिसत नाही. पाप हे करण्यात असते तसे न पाहण्यातही असते. आणि न पाहण्याची सोय बाजाराइतकी दुसऱ्या कोणीही करून ठेवलेली नाही.

नरकचतुर्दशीची जी कथा या तमिळ देशात सांगतात तिचा येथे विचार करावा. नरकासुर मेला तेव्हा, लोकांनी आपल्या पुत्राच्या मरणाचा शोक करू नये, दीप लावून आनंद करावा, असे त्याच्या मातेने, भूदेवीने मागून घेतले. म्हणून इकडे पहाटे अभ्यंगस्नान करून वाणवेडिक्कै, म्हणजे आतषबाजी, करतात. आपण त्याच पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतो. एका मरणावर उत्सव उभारण्यास येथे एक आधार आहे: मेलेल्याच्या आईची संमती. असुराच्या बाबतीतही कथेला ती संमती आवश्यक वाटली, हे विशेष. मुदलिपट्टीत ज्यांचे मुलगे आणि मुली गेल्या त्या आयांनी अशी संमती दिलेली नाही. कोणी त्यांच्याकडे ती मागावयासही गेले नाही.

पापनाशमकडे पुन्हा एकवार पाहिले तर तेथे देवालयाखेरीज आणखी एक जुनी वास्तू दिसते. गावातील तिरुप्पालैत्तुरैच्या शिवालयापाशी तंजावरच्या नायक राजांनी १६०० ते १६३४ या काळात बांधलेले धान्याचे प्रचंड कोठार आहे. ते ३६ फूट उंच आणि ८६ फूट रुंद असून ३,००० कलम धान्य त्यात मावते, असे सांगतात. भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले, १८५५ पर्यंत राज्य केले, तेही गेले. कोठार उभे आहे. एकाच गावात पाप फेडण्याचे स्थान आणि धान्य साठविण्याचे स्थान असावे, हा योगायोगच. पण तो अर्थशून्य नाही. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताची अंगे पाहिली तर दोष उघड बोलून दाखविणे, पश्चात्ताप, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय आणि दान ही त्यांत येतात. आपण पहिली दोन अंगे हौसेने पाळतो, कारण त्यांस खर्च नाही. हळहळ व्यक्त करणारा लेख लिहिला की लिहिणाऱ्याचे मन हलके होते, आणि वाचणाऱ्याचेही. पण बोलण्याने कोठार भरत नाही. वाईट वर्षासाठी चांगल्या वर्षातले धान्य बाजूस काढून ठेवणे ही कोठाराची नीती; आणि शिवकाशीच्या घरांस हवी आहे ती हीच. काम बंद असताना मिळणारी मजुरी, अपघातानंतर हेलपाटे न घालता मिळणारी भरपाई, मुलीस दुसरा धंदा निवडता यावा इतके शिक्षण, आणि हे सर्व ज्यात सामावले आहे अशी किंमत. ती किंमत दिल्यावर आपल्यापैकी पुष्कळांस पाच माळांऐवजी एकच माळ परवडेल. तसे झाले तर आवाज कमी होईल, धूरही कमी होईल. आणि कोठे तरी एका खोलीतील माणसे आठांची चार होतील.

यावर कोणी म्हणेल की, एकट्यादुकट्याने अधिक किंमत देऊन काय होणार? अधिक दिलेला पैसा त्या बाईपर्यंत पोहोचेल याची हमी कोण देतो? आक्षेप खरा आहे. हमी कोणीच देत नाही. म्हणूनच ती मागावयास हवी. ग्राहकाने माल विचारताना भावाबरोबरच तो कोणत्या स्थितीत तयार झाला हेही विचारू लागणे, आणि लोकांनी सरकारकडे केवळ धुराचा नव्हे तर खोल्यांचाही हिशेब मागणे, ही निष्ठेने करण्याची कामे आहेत. फळ अनिश्चित असले म्हणून कर्तव्य संपत नाही. वाल्याच्या बायकोस नवऱ्याचे पाप पुसता आले नसतेच. पण ‘तुझे तू भोग’ म्हणण्याऐवजी ‘निम्मे माझे’ एवढे तरी तिला म्हणता आले असते. तसे ती म्हणती, तर कदाचित वाल्याची कुऱ्हाड त्याच दिवशी खाली आली असती.

पर्वतीच्या पायथ्याशी शेपटी पेटवून लंका जाळीत सुटलेला हनुमंत आणि पापनाशमच्या कथेत लिंग आणण्यासाठी काशीस धावणारा हनुमंत, हा एकच आहे. पहिला आपण हौसेने पाहतो, आणि पाहण्यास हरकतही नसावी. मनुष्याच्या अंधारात थोडा उजेड आणि थोडा गलका असणे यात अधर्म नाही. परंतु जाळण्याच्या कामी ज्यास योजिले त्यालाच पुढे फेडण्याच्या कामीही धावावे लागले, ही कथेतील अर्धी गोष्ट आपण वगळली आहे. आणि फेडावयास रामही चुकला नाही. ज्याची बाजू न्यायाची होती, ज्याचे युद्ध धर्माचे होते, ज्यास दोष देण्यास कोणी पुढे आले नव्हते, त्यालाही मागून येणारी पावले ऐकू आली, आणि तो थांबला. आपली बाजू तर युद्धाची नाही, केवळ सणाची आहे. आपल्याला थांबून मागे पाहण्यास त्याहून कितीतरी कमी धैर्य पुरेल.